संवादिनीची हक्काची मैफल

ठाणे-डोंबिवलीत पियानो शिकणारी मुलं आता कमी नाहीत. लंडनच्या मंडळांच्या परीक्षा देतात, ग्रेड मिळवतात आणि बहुधा दहावीचं वर्ष आलं की थांबतात. पियानोची खरी मैफल ऐकायची तर लोकल पकडून मुंबईचं एनसीपीए गाठावं लागतं. आपल्या पट्ट्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर सभागृह जिंकणारा कलावंत म्हणजे पेटीवाला. तो प्रत्येक मैफलीत असतो. मैफल त्याची नसते.

सुरुवात अशी नव्हती. १९११ मध्ये ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांची गायकी कानात साठवून एकट्यानं पेटी वाजवत आणि लोक ती ऐकायला येत. पुढं पी. मधुकरांनी एकलवादन आणखी चमकदार केलं. मग १ मार्च १९४० ला ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली. बंदी १९७१ मध्ये सैलावली ती साथीपुरती. एकलवादन त्यानंतरही बराच काळ दाराबाहेर राहिलं. ज्या काळात रेडिओच कलावंताला नाव, श्रेणी आणि बिदागी देत होता, त्या काळात पेटीवाल्यानं एकट्यानं वाजवून करायचं काय? तो साथीला बसला, आणि साथीत इतका तरबेज झाला की त्याच्याकडं दुसरं काही मागायचं श्रोत्यांना सुचेना.

या तरबेजपणाचं शिखर म्हणजे गोविंदराव पटवर्धन. ठाण्याचे राम मराठे, छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व – प्रत्येकाची गायकी वेगळी, आणि प्रत्येकाला वाटावं की हा माणूस फक्त माझ्यासाठी वाजवतो. त्यांनी वाजवलेल्या नाट्यपदातले शब्द ऐकू येतात, असं जाणकार सांगत. खरंच येत. पण हेच कौतुक पुढच्यांना जड गेलं. शब्द ऐकू येणं ही कसोटी ठरल्यावर पेटी कायमची गाण्याची सावली झाली. आजही एकलवादन म्हटलं की छोटा ख्याल उरकायचा आणि नाट्यपदांच्या माळेवर टाळ्या घ्यायच्या, हा रिवाज सुटलेला नाही.

गोविंदराव पटवर्धनांचेच शिष्य, ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी दुखण्याच्या मुळाला हात घातला. बाजारातल्या पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ सातवा हिस्सा. तयार कानाला तो टोचतो. ओकांच्या पेटीत षड्ज-पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना चढी-उतरी अशा दोन-दोन जागा मिळतात आणि बावीस श्रुती होतात. बावीस श्रुतींवरून विद्वानांत मतभेद आहेत आणि राहतील. माझ्या मते या कामाचं मोल वेगळंच: पेटी बेसुरीच असायची, ही सबब त्यानं काढून घेतली.

सबब गेली, तरी वाजवायचं काय हा प्रश्न उरतोच. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांच्या वादनात भात्यावरचा डावा हात श्वासासारखा चालायचा, त्यांचे शिष्य सुधीर नायक यांच्या वादनात तो आजही तसाच चालतो, सूर फुगतो, विरतो. आजच्या तरुणांची बोटं विलक्षण तयार आहेत, भाता मात्र बहुतेकांचा हवा भरण्यापुरताच. द्रुत तानेत सगळे सारखे वाटू लागतात. शिवाय मींडेचा हट्ट आहेच. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीत येत नाही. कणस्वरांनी त्याचा भास करता येतो, पण तासभर नुसता भास कोण ऐकणार? त्यापेक्षा हंसध्वनी घ्या, जोग घ्या. सुटे, स्वच्छ, टपोरे सूर, सप्तकाच्या उड्या, क्षणात मंद्रातून तारात जाणं ही या वाद्याची स्वतःची श्रीमंती. ती वाजवणारा क्वचित भेटतो.

दोष एकट्या वादकांचा नाही. दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर गर्दी लोटते, ठाण्याचं गडकरी रंगायतन नाट्यसंगीताला भरतं, आणि पेटीवाल्याला मध्यंतरानंतर तबल्याबरोबर थोडी जुगलबंदी मिळते. एवढ्या वेळात कोणीही वेगच दाखवील.

ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावानं महोत्सव भरवते. कल्याण गायन समाज बखलेबुवांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव करतो, आणि टेंबे याच बुवांच्या सुरांवर वाढले. आयोजकांना विनंती एवढीच: एक संपूर्ण सत्र संवादिनीला द्या. दोन तानपुरे, तबला, एक राग सविस्तर. नाट्यपदाची फर्माईश त्या दिवशी श्रोत्यांनीही करू नये.