सुतळी, राख आणि पोत

सिरॅमिकच्या कोणत्याही प्रदर्शनात गेले तर ‘निसर्गापासून प्रेरित’ हे शब्द कुठल्या ना कुठल्या पाटीवर असतातच. पाटीशेजारी झाडाच्या सालीसारखे खरखरीत भांडे असते, नाहीतर प्रवाळासारखे टोचरे, नाहीतर लाटांनी झिजवलेल्या खडकासारखे. मुंबईतली भांडी आणि क्योतोतली भांडी एकाच हाताची वाटावीत इतकी ती सारखी दिसू लागली आहेत. चाकाला फाटा देऊन वळ्या रचून किंवा मातीची पोळी थापून भांडे उभे करायचे आणि मग त्याच्या अंगावर निसर्ग चढवायचा, अशी ही रीत आहे. हात कसलेले आहेत, यात शंका नाही. पण पोत भांडे घडताना आला की घडून झाल्यावर लावला, हे कोणी फारसे विचारत नाही. माझ्या मते या कलेचे बरेवाईट याच एका प्रश्नावर ठरते, आणि तो विचारायला जपानच्या ईशान्येकडचे सेंदाई ही फार सोयीची जागा आहे.

जपानी कुंभारकामाच्या नकाशावर सेंदाईला मान नाही. बिझेन, शिगाराकी, हागी ही नावे आपल्याकडच्या स्टुडिओंतही घेतली जातात. सेंदाईचे कोणी घेत नाही. पण जपानच्या एका अतिशय जुन्या पोताचे कोडे याच शहरात सुटले. 1877 मध्ये एडवर्ड मोर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने तोक्योजवळ ओमोरी येथे शिंपल्यांचा उकिरडा खणला. तिथल्या खापरांवर दोरीचे ठसे होते. त्या ठशांवरून पुढे जोमोन हे नाव रूढ झाले, आधी भांड्यांना आणि मग हजारो वर्षांच्या सगळ्या कालखंडाला. ठसे उमटले कसे, याबद्दल मात्र अंदाजच चालू होते. कोणी म्हणे कापड दाबले, कोणी म्हणे चटई, कोणी म्हणे टोपलीच्या आत माती लिंपली.

यामानोउची सुगाओ हा तरुण पुरातत्त्वज्ञ 1920च्या दशकात सेंदाईच्या तोहोकु इम्पीरियल विद्यापीठात, तेही शरीररचनाशास्त्र विभागात, साहाय्यक होता. जवळच शिचिगाहामा येथे दाइगीगाकोइ हा शिंपल्यांचा मोठा उकिरडा आहे. तिथे थरांवर थर पाहत त्याने ईशान्य जपानच्या मातीच्या भांड्यांचा क्रम लावला. दाइगी 1 ते 10 अशी ती मालिका अभ्यासक आजही वापरतात. 1931 च्या सुमारास त्याला ठशांची उकल झाली. दोरी दाबलेली नव्हती, गुंडाळलेलीही नव्हती. वळलेल्या दोरीचा लहानसा तुकडा ओल्या मातीवर ठेवून तळहाताखाली लाटण्यासारखा फिरवला होता. मग त्याने स्वतः निरनिराळ्या दोऱ्या वळून, मातीवर फिरवून ठसे जुळवून पाहिले. पीळ उजवा की डावा, पेड किती, गाठ कुठे, दोरी काडीवर गुंडाळली होती का, हे सगळे खापरावरून वाचता येऊ लागले. हजारो वर्षांपूर्वीची दोरी कधीच कुजून गेली, तिचा पीळ मात्र मातीत राहिला.

आरंभीच्या जोमोन काळातला एक नमुना पिसासारखा दिसतो. तिरप्या रेघांची एक ओळ उजवीकडे झुकलेली, खालची डावीकडे, पुन्हा उजवीकडे. अभ्यासकही त्याला पिसाचा नमुना म्हणतात. पण तिथे पीस कोणी काढलेले नाही. उलट पिळाच्या दोन दोऱ्या आळीपाळीने फिरवल्या की पीस आपोआप उमटते. त्या काळातल्या कित्येक भांड्यांच्या मातीतच वनस्पतींचे धागे मिसळलेले असत. म्हणजे वनस्पती आत माती बांधून ठेवणार आणि बाहेर ठसा उमटवणार. आपले कुंभार मातीत घोड्याची लीद नि राख मिसळतात, त्यामागेही वाळताना तडा जाऊ नये हाच हिशेब. लाटण्याची ती क्रिया वळ्यांचे सांधेही दाबून पक्के करत असणार, हे ज्याने एकदा हाताने भांडे रचले आहे त्याला सांगावे लागत नाही. सजावट आणि बांधणी यांच्यात इथे सीमारेषाच काढता येत नाही.

पुढे मध्य जोमोन काळात, दाइगी 8बच्या सुमारास, मातीच्या दोऱ्या भांड्याच्या अंगावर चिकटवून फुगीर भोवरे काढले जाऊ लागले. भांडी भारदस्त झाली, दिखाऊही झाली. तज्ज्ञ माझ्यावर रागावतील, पण मला त्या भोवऱ्यांपेक्षा आधीचे साधे, दोरी फिरवलेले डेरे अधिक आवडतात. भोवरे पाहणाऱ्याला बोलावतात. दोरी फिरवणाऱ्याच्या मनात पाहणारा नसावाच, असे ते डेरे पाहताना वाटते.

सेंदाईच्या ताइहाकु भागात यामादा उएनोदाइ या जोमोन वस्तीच्या जागी 2006 पासून एक छोटे संग्रहालय आहे. तिथे शाळेची मुले मातीकाम करून पाहतात. कुतूहल म्हणून ते ठीक आहे. अडचण होते ती मोठी माणसे त्यातून कलेचा सिद्धान्त काढू लागतात तेव्हा. 1952 मध्ये चित्रकार ओकामोतो तारो याने जोमोन भांड्यांवर गाजलेला लेख लिहिला आणि पुराणवस्तूंच्या कपाटातून त्यांना कलेच्या दालनात आणले. उपकार मोठे. पण त्याने पाहिले ते ज्वाळांसारखे उसळणारे आकार, त्यांच्यातली आदिम ताकद. तळहाताखालची दोरी त्या वर्णनात कुठेतरी हरवली. तेव्हापासून जोमोन म्हणजे रानटी जोम असे समीकरण बसले, ते अजून उठलेले नाही.

याच सुमारास क्योतोत यागी काझुओ आणि त्याचे सोदेइशा गटातले सोबती भांड्याचे तोंडच बंद करू लागले होते. यागीचे 1954 मधले ‘झामझासाहेबांचा फेरफटका’ हे काम चाकावर फिरवलेल्या नळ्यांचे, पण त्यात पाणी भरता येत नाही. माती उपयोगातून सुटली आणि हाताने घडवण्याला प्रतिष्ठा आली. भट्ट्यांच्या घराण्यांत बायकांना फारसे स्थान नव्हते. कलाविद्यापीठांतून शिकून आलेल्या बायकांनी ही मोकळी जागा घेतली. कोइके शोको शंखशिंपल्यांसारखी भांडी करते. नक्कल म्हणून सोडून द्यावे, असे पहिल्यांदा वाटते. पण जवळून पाहावे तर त्या चुण्या पातळ थापलेली माती स्वतःच्या वजनाने जशी वाकते तशाच पडलेल्या असतात. ओगावा माचिको हिने पॅरिसमध्ये शिक्षण घेतले, बुर्किना फासोमध्ये काही वर्षे काढली. तिची भांडी फुटक्या कवचासारखी, काठ तुटलेले, तळाशी काचेचे डबके साचलेले. ती काच भट्टीतच वितळून तिथे थांबलेली असते. फुतामुरा योशिमी कच्च्या मातीत आधीच भाजलेल्या पोर्सेलीनचे कण मिसळते. दोघांचे आकसणे वेगळे, म्हणून अंग उकलते, फाटते. या तिघींच्या कामात निसर्ग विषय म्हणून असेलही, पण आधी तो कामाला लावलेला आहे.

इझु द्वीपकल्पातल्या साकियामा ताकायुकीच्या बाबतीत माझे मन कचरते. वाळूच्या रंगाची, दुहेरी भिंतींची त्याची भांडी लाटा ऐकण्याच्या नावाने जगभर विकली जातात. कौशल्य डोळे दिपवणारे. तरी कोरलेली प्रत्येक रेघ इतकी आज्ञाधारक आहे की समुद्राला काही बोलायला जागाच उरत नाही. आणि त्याचे अनुकरण करणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे. वाळूतल्या रेघा आता सुशोभनाच्या दुकानांत आल्या आहेत.

सेंदाईची स्वतःची भट्टी मात्र या सगळ्या झगमगाटापासून दूर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथला सरदार दाते त्सुनामुरा याने एदोहून उएमुरा मानएमोन या कुंभाराला बोलावले. शहराच्या उत्तर टोकाला, ओशु रस्त्यावर, त्सुत्सुमी नावाच्या वस्तीत पायदळाचे शिपाई राहत. पोटाला जोड म्हणून ते तिथल्या मातीचे रांजण, लोणच्याच्या बरण्या आणि बाहुल्या करू लागले. बाहुल्या साच्यातल्या, म्हणून त्या बाजूला ठेवू. रांजणांचे वैभव त्यांच्या झिलईत. खाली लोहाची काळी झिलई, तिच्यावर काठाकडून ओतलेली भाताच्या राखेची पांढरी. भट्टीत दोन्ही एकमेकींत उतरतात. राखेतल्या सिलिकामुळे दुधाळ, निळसर ओघळ खाली येतात आणि आपल्या मर्जीने थांबतात. या झिलईला समुद्रकाकडीचे नाव आहे, पण कुंभाराने काही समुद्रकाकडी रंगवलेली नाही. भाताचा प्रदेश, राख फुकट, गुरुत्वाकर्षण फुकट. दोरीच्या पिसाची ही झिलईतली बहीण म्हणता येईल.

नळ आले आणि रांजण गेले. शहर वाढले, धुराच्या भट्ट्या वस्तीत नकोशा झाल्या. केन्बा हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणारी भट्टी शहराबाहेर इझुमीकडे हलली, आणि परंपरेचा भार आज जवळजवळ तिच्या एकटीच्या खांद्यावर आहे. आता पेले, फुलदाण्या, ताटल्या होतात. वीतभर पेल्यावर ओघळाला धावायला जागा नसते. ओघळ ठरल्या जागी थांबलेला दिसतो, सहीसारखा. कुंभाराला दोष देण्यात अर्थ नाही, रांजण घ्यायचा कोणी आणि ठेवायचा कुठे? पण परंपरा टिकली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या लेखांत ही गोष्ट येत नाही.

आपल्याकडेही हाच प्रश्न विचारून पाहावा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1870च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातीकाम सुरू झाले, तेव्हा भांड्यांवर अजिंठ्याची चित्रे उतरवली गेली. भांडे म्हणजे चित्राचा फळा, ही सवय तेव्हापासूनची असावी. आज चित्र गेले आणि पोत आला, एवढाच फरक. थापलेल्या पोळीवर तरट दाबायचे, लेस दाबायची, पिंपळपान दाबायचे. पानाच्या शिरा सुरेख उठतात आणि भांडे दुसऱ्या दिवशी विसरले जाते. इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात चाकावरच्या रंगीत जोर्वे भांड्यांबरोबर हाताने केलेले जाडेभरडे रांजणही निघाले, काहींच्या अंगावर मातीची पट्टी आणि पट्टीवर बोटांचे ठसे. लहान मुलांना अशा भांड्यांतच, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेले असे. जोमोन वस्त्यांतही मेलेली अर्भके भांड्यांत पुरलेली सापडतात. आपल्या समीक्षेत रंगीत जोर्वेला मान आहे. बोटांच्या ठशांच्या रांजणाला नाही.

हाताने घडवण्याचे काम आपल्याकडे खरे तर बायकांचे होते. कुंभारवाड्यात चाक पुरुषाचे, चूल आणि शेगडी बाईच्या हातची. ओल्या चुलीवरून शेवटचा हात फिरतो तेव्हा बोटांच्या कमानी राहतात. त्यांना कोणी पोत म्हटले नाही. पिशवीतली तयार माती, विजेची भट्टी आणि परदेशी मासिके यांवर वाढलेला शहरी स्टुडिओ यातले काही शिकायला कुंभारवाड्यात क्वचितच जातो. ब्रह्मदेव पंडितांसारखा कुंभाराच्या घरातून आलेला माणूस भाईंदरला स्टुडिओ थाटतो, 2013 मध्ये पद्मश्री मिळवतो, तो अपवाद. आणि त्यांचे काम मुख्यतः चाकावरचे.

माझ्या मापकाठीची अडचण मात्र सेंदाईच्या दक्षिणेला उभी आहे. फुकुशिमातल्या नामिए गावची ओबोरी सोमा भांडी हिरवट झिलईतल्या बारीक भेगांच्या जाळीसाठी प्रसिद्ध. माती आणि झिलई निवताना कमीजास्त आकसतात, त्यातून ती जाळी पडते. 2011 च्या भूकंपानंतर अणुभट्टीचा अपघात झाला, गाव रिकामे झाले, कुंभार शिराकावा, इवाकी, निहोनमात्सु असे पांगले. झिलईचा दगड गावातलाच होता. किरणोत्सर्गामुळे तो वापरता येईना. प्रांताच्या तंत्रसंस्थेने पर्यायी मिश्रण तयार केले, त्यावर पुन्हा जाळी पडू लागली. निसर्ग म्हणजे प्रक्रिया, असे मी वर म्हणत आलो. त्या न्यायाने ही भांडी अस्सल ठरतात, कारण आकसण्याचा नियम शिराकावालाही तोच. निसर्ग म्हणजे ती विशिष्ट टेकडी, असे मानणाऱ्याला ती पोरकी वाटतील. मी पहिल्या बाजूला आहे, पण पूर्ण निश्चिंत नाही. समीक्षकांनी ‘पुनर्जन्म’ वगैरे लिहून मोकळे होण्याआधी जुना पेला आणि नवा पेला शेजारी ठेवून जाळी किती दाट, हिरवा किती खोल आणि चहा मुरल्यावर भेगा कशा दिसतात, एवढे तरी पाहावे.