रुपयाचा प्रश्न : एका जुन्या ग्रंथाचें पुनरवलोकन

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्याच्या इतर थोर कार्यापुढें त्यांचें हें लेखन झांकून गेलें आहे. प्रा. एडविन कॅनन यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली व तींत लेखकाशीं असलेले आपले मतभेदही उघड नमूद केले. असली प्रस्तावना लाभणें हाच ग्रंथाचा एक गौरव होय.

प्रश्नाचें मूळ देण्याघेण्यांत आहे. हिंदुस्थान सरकारचा महसूल रुपयांत, तर विलायतेंतील देणें सोन्यांत. १८७१ नंतर जर्मनीनें चांदीचें चलन सोडलें, चांदी स्वस्त होत गेली, आणि सुमारें दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ मध्यें सवा शिलिंगावर आला. पौंडाचें देणें फेडण्यास अधिकाधिक रुपये लागूं लागले. तेव्हां १८९३ सालीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या व पुढें रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर बांधला गेला. घरच्या चलनाचें धोरण अशा रीतीनें परक्या पेठेंतील देण्यावरून ठरलें.

या व्यवस्थेंत सोन्याची काटकसर होते म्हणून केन्स यांनीं १९१३ सालीं तिची प्रशंसा केली. आंबेडकरांचा आक्षेप मर्मावर आहे. रुपयाचा बाहेरचा भाव स्थिर राहिला म्हणून त्याचें घरचें मोल स्थिर राहतें असें नाहीं. रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या हातीं निर्बंध राहिला तर महागाई वाढणारच. ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग मजुरीविषयींचा आहे. हुंडणावळ उतरली कीं निर्यात करणाऱ्यास नफा होतो. परंतु तो परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशांतून येत नाहीं, महागाईच्या मागें रखडणाऱ्या मजुरींतून येतो, हें त्यांनीं स्पष्ट दाखविलें आहे.

उपाय मात्र मला पटत नाहीं. रुपयाची टांकसाळ सरकारलाही बंद करावी व सोन्याचें नाणें चालवावें, असें त्यांचें म्हणणें. परंतु सोन्याचें मोल तरी आपल्या हातीं कोठें होतें? १९२९ नंतरच्या मंदींत सोनें महागलें, माल मातीमोल झाला; ज्या देशांनीं सोनें आधीं सोडलें ते आधीं सांवरले. सप्टेंबर १९३१ मध्यें पौंडानें सोनें सोडलें तेव्हां रुपया पौंडास जखडला गेला, व तो निर्णयही लंडनांतच झाला. चांदीची बेडी तोडून सोन्याची घातली असती तरी ती बेडीच!

हा केवळ पारतंत्र्याचा दोष म्हणावा, तर १९९१ च्या जुलैंत स्वतंत्र भारताच्या रिझर्व्ह बँकेचें सोनें परदेशीं तारण गेलें व रुपयाचा भाव दोनदां उतरविण्यांत आला. परदेशांशीं व्यवहार म्हटला कीं कांहीं बंधन आलेंच. तें टाळतां येत नाहीं. त्याचा भार घरांतल्या कोणाच्या पाठीवर पडतो, एवढें विचारतां येतें. तें विचारावयास शिकविणारा हा ग्रंथ, कोष्टकांचा कंटाळा न करितां, सुशिक्षितांनीं अवश्य वाचावा.