एकाच शत्रूची समीक्षा

न्गुगी वा थिओंगो 28 मे 2025 रोजी गेले. मराठीत त्यांचे नाव निघते ते बहुधा मातृभाषेच्या व्यासपीठावर. इंग्रजी सोडून गिकुयूत लिहू लागलेला केनियाचा लेखक, ‘डीकॉलनायझिंग द माइंड’चा कर्ता, तेव्हा आपणही इंग्रजीचा मोह सोडला पाहिजे, मग टाळ्या, आभारप्रदर्शन. ते तुरुंगात का गेले आणि त्यांना आत टाकणारे कोण होते, हे सांगायचे राहूनच जाते. इतकी वर्षे सातत्याने राहून जाणारी गोष्ट विसरभोळेपणाने राहत नसते.

1977 साली लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात शेतमजूर आणि कारखान्यातले कामगार यांनी स्वतः बांधलेल्या उघड्या रंगमंचावर ‘न्गाहिका न्देंदा’ हे गिकुयू नाटक उभे केले. लेखक दोघे, न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी. नाटकात गरिबाची दीड एकर जमीन घशात घालतो तो काळा, श्रीमंत, चर्चला नेमाने जाणारा आणि परदेशी कंपनीशी भागीदारी असलेला केनियन. काही आठवड्यांत सरकारने प्रयोग बंद पाडले आणि 31 डिसेंबरला न्गुगी वा थिओंगोंना उचलले. सरकार जोमो केन्याटांचे, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याच्या महानायकाचे. खटला चाललाच नाही. कामितीच्या तुरुंगात वर्षभर राहून न्गुगींनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. नाटकाच्याच वर्षी, 1977 साली, निघालेल्या त्यांच्या इंग्रजी ‘पेटल्स ऑफ ब्लड’ या कादंबरीमध्येही हाच नवा मालकवर्ग होता, पण तिच्यावर बंदी आली नाही. गिकुयूची सत्तेला धास्ती वाटली, कारण नाटकातला जमीनदार कोण हे कामिरिथूच्या मजुराला पहिल्या प्रवेशातच कळत होते.

हा न्गुगी मराठी वसाहतोत्तर समीक्षेला अडचणीचा वाटतो. या समीक्षेला एकच शत्रू हवा असतो आणि तो गोरा असावा लागतो.

एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ने (1978) पाश्चात्त्यांचे पौर्वात्य ज्ञान सत्तेचे हत्यार कसे झाले ते दाखवले, ते आता सर्वांना पटलेले आहे. होमी भाभांच्या ‘हायब्रिडिटी’ने चर्चासत्रांना दोन दशके शब्द पुरवले, पण एकही मराठी पुस्तक नीट उलगडून दिले नाही. गायत्री स्पिवाक यांच्या निबंधाचे शीर्षक जितके उद्धृत होते तितका निबंध वाचला जात नाही. फ्रान्झ फॅनन यांच्या 1961च्या पुस्तकातले राष्ट्रीय जाणिवेच्या धोक्यांवरचे प्रकरण मात्र आजही अंगावर येते. गोरा साहेब उठून गेल्यावर त्याच खुर्चीत बसणारा देशी मध्यमवर्ग काय करतो, हे फॅनन यांनी अल्जीरिया स्वतंत्र होण्यापूर्वीच लिहून ठेवले. मराठीत फॅनन यांची आठवण निघते ती हिंसेच्या संदर्भात, या प्रकरणासाठी क्वचितच.

मराठीतला वसाहतोत्तर विचाराचा सर्वांत समर्थ आविष्कार म्हणजे भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद. ‘टीकास्वयंवर’ने इंग्रजी मापांनी मराठी कादंबरी मोजण्याची सवय मोडली, हे ऋण मोठे आहे. गणेश देवी यांच्या ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’नेही (1992) भाषासाहित्याची हरवलेली स्मृती ऐरणीवर आणली. पण नेमाड्यांनी मराठी कादंबरीची वास्तववादी वाट जिच्यापासून मोजली, ती ‘यमुनापर्यटन’ (1857) कोणाची? बाबा पदमनजींची. ते धर्मांतरित ख्रिस्ती होते, आणि कादंबरी विधवांच्या केशवपनाची, त्यांच्या घरोघरच्या हालांची गोष्ट ख्रिस्ती धर्माचा कैवार घेऊन सांगते. देशी वाटेचा पहिला मैलाचा दगड मिशनच्या अंगणात सापडतो, याचा अर्थ देशी आणि परके यांच्यामधली रेषा देशीवाद्यांनी आखली तिथून जात नाही. नेमाड्यांना स्वतःला हे ठाऊक आहे. त्यांच्या अनुयायांनी मात्र देशीपणाचे सोवळे केले. जातींच्या जुन्या परस्परावलंबनाकडे मायेने पाहण्याचा गुरूचा कल तेवढा उचलला आणि कादंबरीचे वाचन सोडून दिले.

खरी वसाहतोत्तर दृष्टी मराठीत या शब्दाच्या शंभर वर्षे आधीपासून आहे. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्रात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत ती शिकत होती. पेशवाईत मांग-महारांची डोकी कशी खेळासाठी उडवली जात, वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मावाचूनच राहिलो की नाही, डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बाईचे काय होते, असे एकामागून एक तिने विचारले आहे. इंग्रजी अमलाबद्दल तिने बरे लिहिले आहे. आजचा निर्वसाहतवादी अभ्यासक हे वाक्य आले की अवघडतो. मुक्ताला भोळी म्हणतो किंवा मिशनऱ्यांनी फितवलेली म्हणतो. तिने मांडलेल्या हिशेबाच्या वहीत गोऱ्या धन्याआधी दुसऱ्या धन्याची बाकी निघते, हे त्याला वाचायचेच नसते.

फुल्यांची ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेली आहे, हे सगळेच सांगतात. दहा वर्षांनी लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याहून धारदार आहे. त्यातला एक शेतकरी शेतसाऱ्याची तहकुबी मागायला कलेक्टरच्या तंबूवर जातो, दाद लागत नाही, आणि आंब्याच्या बनात पडून स्वतःशीच बोलत राहतो. त्याच्या तोंडून फुले दोन्ही बाजूंना एकदम फोडतात. वर गोरा अंमलदार ऐषआरामात गुंग. खाली भट कारकून कागदावर हवे ते लिहिणार. जंगलखात्याने गुरांची चराई बंद केलेली, पैमाशीने सारा वाढवलेला. इंग्रजी सत्ता आणि जातिसत्ता यांची भागीदारी इथे तत्त्वज्ञानात नाही, सारावसुलीच्या कागदावर आहे. ‘दीनबंधू’ पत्राने दोन प्रकरणांनंतर हे लेखन छापणे थांबवले. एवढे उघड लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजधार्जिणा म्हणणे ही वाचनातली लबाडी आहे, आणि ही लबाडी मराठीत चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पासून अखंड चालू आहे.

ही परंपरा पुढेही तुटली नाही. 1890च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती थांबवली. ‘लढाऊ जमाती’चा त्यांचा सिद्धांत आणि इथली शिवाशिव यांचे छान जुळले होते. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. बाबासाहेब आंबेडकर 20 नोव्हेंबर 1930 रोजी गोलमेज परिषदेत उभे राहिले आणि त्यांनी साम्राज्याच्या तोंडावर विचारले की इंग्रज येण्यापूर्वी अस्पृश्यांना विहीर, देऊळ, पोलीस, सैन्य बंद होते, आज काय उघडले? त्यांनी लोकांचे राज्य मागितले, आणि त्या राज्यात सत्ता कोणाच्या हाती पडेल याची हमीही मागितली.

शरद पाटील यांनी या दृष्टीला सौंदर्यशास्त्र देऊ केले. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1988) लिहिणारा हा धुळ्याचा कम्युनिस्ट पाणिनी शिकण्यासाठी बडोद्याला जाऊन राहिला आणि मार्क्सच्या जोडीला दिङ्नाग-धर्मकीर्ती घेऊन आला. पाश्चात्त्य मापे नकोत म्हणणाऱ्यांनी त्यांना डोक्यावर घ्यायला हवे होते. पुस्तक दुर्घट आहे, काही व्युत्पत्ती ओढून आणलेल्या आहेत, तरी मराठी समीक्षेत इतके मूलगामी धाडस दुसरे झालेले नाही. त्याला मिळालेले मौन पाटलांच्या चुकांमुळे नव्हते. देशी ज्ञानपरंपरेत ब्राह्मणी आणि अब्राह्मणी असा उभा तडा आहे, हे त्यांनी दाखवले, आणि ते परंपरावाद्यांना झोंबले.

अलीकडे तर जातच इंग्रजांनी घडवली असे सांगितले जाते, आणि पुरावा म्हणून निकोलस डर्क्स यांचे ‘कास्ट्स ऑफ माइंड’ (2001) पुढे केले जाते. शिरगणतीने जातींच्या चौकटी घट्ट केल्या, हे डर्क्स यांचे म्हणणे खरेच आहे. पण चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाच्या पायरीशी आहे, आणि तिच्यापलीकडचे दार त्यांच्या लोकांना उघडायला 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. चौदाव्या शतकात त्या पायरीवर कोणता शिरगणती अधिकारी बसला होता? ज्यांना जातीचे पाप वसाहतीच्या खात्यावर टाकायचे आहे त्यांनी अभ्यासाच्या नावाखाली हात धुणे थांबवावे.

सत्तेला ही समीक्षा सोयीची का वाटते, ते उघड दिसते आहे. 2022च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून गुलामीच्या खुणा पुसण्याचा संकल्प झाला, राजपथाचा कर्तव्यपथ झाला. 1 जुलै 2024 पासून इंग्रजांच्या दंडसंहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली; राजद्रोहाचे 124अ गेले आणि त्याच्या जागी कलम 152 बसले. नाव बदलून तोच दंडुका हाती घेणे याला निर्वसाहतीकरण म्हणत असतील, तर केन्याटांचे सरकारही निर्वसाहतवादीच म्हणावे लागेल.

मराठीतले सर्वांत वसाहतोत्तर पुस्तक कोणते असे विचारले, तर उत्तर ‘उचल्या’ (1987) हे आहे. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो शिक्का निघाला, आणि मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा करून पोलिसांना जुने काम नव्याने दिले. लक्ष्मण गायकवाडांच्या पुस्तकात धाडी पडतात त्या स्वतंत्र भारतात, धाड घालणारे पोलीस आणि हात झटकणारे गावकरी सगळे देशी. अशा पुस्तकाला ‘दलित आत्मकथन’ म्हणून वेगळ्या फडताळात ठेवले जाते आणि वसाहतोत्तर अभ्यासासाठी पुन्हा रश्दी काढला जातो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकार स्त्रीच्या याचिकेवर निकाल देताना अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीतल्या तरतुदी रद्द केल्या. त्यांत झाडलोट खालच्या जातींकडे आणि स्वयंपाक वरच्या जातींकडे अशी वाटणी होती, विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरण्याची मुभा होती. या नियमावल्यांची मुळे इंग्रजी अमलातली. स्वतंत्र देशाने त्या पाऊणशे वर्षे हाताने जपल्या. अभिजात दर्जावर मराठी समीक्षकांनी रकानेच्या रकाने भरले. त्या निकालाची प्रतही तेवढ्याच आस्थेने वाचली जायला हवी होती, कारण वसाहत आणि जात एकाच कागदावर कशा नांदतात याचा इतका ताजा मजकूर त्यांच्यासमोर दुसरा नव्हता.