फ्रेयाला लिहिलेली पत्रे

पत्रवाङ्मयाकडे आपले टीकाकार बहुधा चरित्राचे साधन म्हणूनच पाहतात. पत्रांतून तारखा घ्याव्यात, मते घ्यावीत आणि मुलाबाळांची विचारपूस, पिकापाण्याची चौकशी हा भाग फोलपटासारखा पाखडून टाकावा, अशी रीतच पडून गेली आहे. हेल्मूट जेम्स फॉन मोल्टके याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपली पत्नी फ्रेया हिला लिहिलेली पत्रे मात्र अशी पाखडता येत नाहीत.

मोल्टके हा व्यवसायाने कायदेपंडित. युद्ध सुरू झाल्यावर बर्लिनमध्ये जर्मन लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा सल्लागार झाला; फ्रेया मात्र सायलीशियातील क्रायसाऊ या मोल्टके घराण्याच्या गावी राहून शेती व मुले सांभाळीत होती. पॅरिस, ओस्लो, कोपनहेगन, इस्तंबूल असा त्याचा प्रवास कामानिमित्त चाले. हिटलरनंतरच्या जर्मनीचा विचार करणाऱ्या ज्या मित्रमंडळाचा तो केंद्रबिंदू होता, त्याच्या तीन बैठका १९४२ व १९४३ मध्ये क्रायसाऊलाच भरल्या. ही पत्रे फ्रेयाने मधमाश्यांच्या पोळ्यांच्या पेट्यांत दडवून ठेविली. बेआटे रूम फॉन ओपेन यांनी संपादिलेला त्यांचा जर्मन संग्रह १९८८ साली निघाला. इंग्रजी भाषांतर १९९० चे.

ऑक्टोबर १९४१ मधील एका पत्राचा उल्लेख नेहमी होतो. व्याप्त देशांत ओलिसांना गोळ्या घातल्या जात आहेत, बर्लिनमधून ज्यू नागरिकांना हद्दपार केले जात आहे, हे सांगून मोल्टके स्वतःला विचारतो, की हे ठाऊक असताना ऊबदार घरात बसून चहा घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? संकलनकार एवढाच उतारा उचलतात आणि त्याला सद्सद्विवेकाचा उद्गार म्हणून मखरात बसवितात. मला यात मोठी गफलत दिसते. प्रश्नाचे सारे बळ त्या चहात आणि त्या उबेत आहे. जो माणूस पत्रापत्रांतून आपल्या खोलीविषयी, जेवणाविषयी, क्रायसाऊच्या शेतीविषयी लिहीत आला, त्याच्याच लेखणीत तो चहा एकाएकी असह्य होतो. आधीची शेकडो किरकोळ वाक्ये वाचलेली नसतील, तर हा पालट जाणवायचा कसा? मे १९४३ मध्ये वॉर्सा येथील ज्यू वस्तीवरचा धूर तो आगगाडीतून पाहतो आणि तेही पत्नीलाच कळवितो. घरच्या गोष्टी आणि हा धूर यांसाठी त्याच्याजवळ दोन निराळ्या भाषा नाहीत.

याचा अर्थ सगळी पत्रे सरस आहेत असा नव्हे. कित्येक केवळ रोजनिशीसारखी आहेत. माणसांविषयीचे त्याचे शेरे कधीकधी उद्दामपणाकडे झुकतात. वाचकाला तेथे थोडे अवघडल्यासारखे होते. शिवाय १९८८ च्या संग्रहात फ्रेयाचा आवाज नाही. ती आहे ती केवळ त्याच्या प्रश्नांतून.

ही उणीव २०११ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संग्रहाने भरून काढिली. जानेवारी १९४४ मध्ये मोल्टकेला अटक झाली. सप्टेंबर १९४४ च्या अखेरीपासून २३ जानेवारी १९४५ रोजी फाशी जाईपर्यंत टेगेलच्या तुरुंगातून जो पत्रव्यवहार चालला, तो तेथील धर्मोपदेशक हाराल्ड पोएल्काऊ यांनी जीव धोक्यात घालून दोन्ही बाजूंनी पोचविला. फ्रेयाच्या इच्छेनुसार तो तिच्या हयातीत छापला गेला नाही. २०१० च्या पहिल्या दिवशी ती वारली. येथे ती त्याच्या बरोबरीने लिहिते. माझ्या मते तीच अधिक मोकळी लेखिका आहे: त्याला मरणाची मांडणी करावीशी वाटते, ती मरणाच्या शेजारी बसून मुलांविषयी बोलू शकते.

मराठी भाषांतरकाराची खरी कसोटी येथेच लागेल. जर्मन पतिपत्नी एकमेकांना एकाच एकेरी सर्वनामाने संबोधितात. आपल्या पत्रलेखनाच्या जुन्या वळणात पती ‘तू’ लिहितो, पत्नी ‘तुम्ही’. फ्रेयाच्या पत्रांत ‘तुम्ही’ आणले तर मराठी कानाला ते स्वाभाविक वाटेल, पण तिने कष्टाने मिळविलेली बरोबरी एका सर्वनामात नाहीशी होईल. ‘तू’ ठेवले, तर कित्येक वाचकांना प्रारंभी तो उद्धटपणा वाटेल. तरीही ‘तू’च ठेवावे, आणि पहिल्या दहा-वीस पानांत वाचकाला अडखळू द्यावे.