कार्यसमिती : खुर्च्या समान, अधिकार अपुरे

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३ ने १०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कार्यसमितीची तरतूद केली. तीही शासनाने आदेश दिल्यासच. कामगार प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, हे बंधन मोलाचे खरे. परंतु नॉर्थब्रुक ज्यूट प्रकरणात (१९६०) सर्वोच्च न्यायालयाने सेवाशर्तींतील बदलास समितीने दिलेली संमती कामगारांवर बंधनकारक मानली नाही. यामुळे संघटनेचा वाटाघाटीचा हक्क वाचला. मालकाला मात्र समिती केवळ औपचारिक वाटू लागली तर नवल नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही १०० ची मर्यादा कायम ठेवली. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर वसाहतीत त्याहून लहान कारखान्यांना ही तरतूद लागूच नाही. तेथे २० कामगारांपासून तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. परंतु तिचे क्षेत्र वैयक्तिक तक्रारींपुरतेच असल्याने संपूर्ण पाळीचे गाऱ्हाणे तीत बसत नाही.