क्ले आवडतो की कँडिन्स्की?

टोळीबाजीचा विषय निघाला की एक प्रयोग हमखास सांगितला जातो: हेन्री ताजफेल, ब्रिस्टॉल, १९७०. मीही तो बऱ्याच जणांना ऐकवलाय. मागच्या महिन्यात मूळ लेख नीट वाचला आणि वाटलं, आपण गोष्ट अर्धीच सांगत होतो.

आधी प्रयोग बघू. चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की यांची चित्रं दाखवली, चित्रकाराचं नाव न सांगता. कोणती आवडली ते विचारलं आणि प्रत्येकाला सांगितलं, तू या गटातला. खरं तर वाटणीचा आवडीशी काहीच संबंध नव्हता. मग प्रत्येकानं इतर दोघांना गुण द्यायचे, त्या गुणांचे पैसे मिळणार. त्या दोघांचा फक्त गट माहीत, नाव नाही. स्वतःला काही द्यायची सोय नाही. एका तक्त्यात एका टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि परक्याला २५, मधे १३-१३, दुसऱ्या टोकाला ७ आणि १. तुम्ही काय निवडाल? मुलांचा कल ७ आणि १ च्या बाजूला झुकला. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं!

१९७३ मध्ये मायकेल बिलिग आणि ताजफेल यांनी आणखी एक पायरी उतरली. गट नाणं उडवून पाडलेत हे मुलांना उघड सांगितलं, तरी झुकाव दिसलाच. म्हणजे समान मताचं निमित्तसुद्धा लागत नाही.

आता माझी तक्रार. यावरून 'द्वेष माणसाच्या रक्तातच आहे' असा निष्कर्ष काढला जातो, तो या प्रयोगातून निघत नाही. एक, मुलांच्या हातात गट सोडून दुसरी माहितीच नव्हती. मग ती वापरणार नाहीत तर काय? दोन, समान वाटपाची ओढही आकड्यांत स्पष्ट दिसते, ती सांगताना गळते. तीन, आपल्याला झुकतं माप देणं म्हणजे परक्याचा द्वेष करणं नव्हे. मॅरिलिन ब्रुअर यांनी १९९९ मध्ये हा फरक नेमका मांडलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, इथे कुणाला काही गमवायचं नव्हतं. मताभोवती जी जवळजवळ धार्मिक निष्ठा उभी राहते, तिथे मत सोडलं तर मित्र, मान, जेवायला सोबत बसणारी माणसं जातात. ब्रिस्टॉलची मुलं तासाभरानं आपापल्या घरी गेली. या प्रयोगात बी दिसतं, झाड नाही.

झाडाच्या जवळ जाणारा अभ्यास जेफ्री कोहेन यांचा, २००३ चा. अमेरिकी विद्यार्थ्यांना कल्याणकारी योजनांचे आराखडे दिले. 'तुमच्या पक्षाचा पाठिंबा आहे' म्हटलं की उदारमतवाद्यांना कडक योजना पटली आणि पुराणमतवाद्यांना सढळ. वर प्रत्येकजण म्हणाला, मी मजकूर वाचून ठरवलं. इतरांवर मात्र पक्षाचा प्रभाव पडतो, असं त्यांना वाटत होतं.

हे वाचताना मी अंमळ गप्प झालो. गेल्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एका निबंधाच्या चिंध्या केल्या होत्या: नमुना लहान, नियंत्रण गट कच्चा. तो निबंध आमच्या गटाच्या मॉडेलविरुद्ध होता. महिनाभरानं आमच्या बाजूचा एक निबंध मीच कौतुकानं मांडला. एका ज्युनिअरनं हळूच विचारलं, "दादा, यातही नमुना तेवढाच आहे ना?" तेवढाच होता. मी काहीतरी सारवासारव केली. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतोय. निबंध वाचताना आधी पद्धत वाचायची, लेखकांची नावं आणि निष्कर्ष झाकून. दर वेळी जमत नाही. तुम्हीही करून बघा. आणि त्या ज्युनिअरसारखं कुणी तुमच्या गटात असेल, तर तिला गप्प बसू देऊ नका.