नांगराचे तास आणि पडलेले झाड

युद्धकविता म्हटली की इंग्रजी शिकलेल्या आपल्याकडील वाचकांपुढे खंदक, चिखल, विषारी वायू आणि विल्फ्रेड ओवेन एवढेच उभे राहते. ओवेनची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु त्या प्रखर प्रकाशात शेजारची एक शांत कविता आमच्या दृष्टीआड राहिली, आणि ती तशी राहण्यात आमचाही दोष आहे. एडवर्ड टॉमस या कवीची ‘ॲज द टीम्स हेड-ब्रास’ ही ३६ ओळींची कविता वरच्या वर्गांना सांगताना आम्ही ती अनेक वर्षे निसर्गकविता म्हणूनच सांगत आलो. शेत, घोडे, पाने, प्रेमिक; युद्ध आपले जाता जाता आलेले! एवढे सांगून आम्ही पुढच्या कवितेकडे वळत असू. हे वाचन उथळ होते, असे आज आम्हांस वाटते.

टॉमसचे चरित्र थोडक्यात असे. जन्म १८७८ चा. उमेदीची वर्षे पोटासाठी गद्य लिहिण्यात, परीक्षणे आणि चरित्रे पुरी करण्यात गेली. रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन मित्राच्या प्रोत्साहनाने तो १९१४ च्या डिसेंबरात कवितेकडे वळला. १९१५ च्या जुलैत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो आपण होऊन सैन्यात दाखल झाला. प्रस्तुत कविता १९१६ च्या मे महिन्यातली. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत तो मारला गेला. त्याची सारी कविता जेमतेम सव्वादोन वर्षांची आहे.

आता कविता पाहू. निवेदक पडीक शेताच्या कोपऱ्यात, उन्मळून पडलेल्या एका एल्म वृक्षाच्या फांद्यांत बसला आहे. नांगर चालला आहे आणि रानमोहरीचा पिवळा चौकोन फेरीफेरीने लहान होत आहे. घोड्यांच्या कपाळावरचे पितळ वळणावर चमकते, त्याच क्षणी प्रेमिकांची एक जोडी झाडीत दिसेनाशी होते. नांगर वळला की नांगऱ्या मुठीवर रेलतो, दोन शब्द बोलतो आणि पुन्हा निघतो. बोलणे एक मिनिटाचे, मध्ये दहा मिनिटांची शांतता. प्रथम हवापाण्याचा विषय, मग युद्धाचा. पडलेले झाड कधी हलवणार, असे निवेदक विचारतो. युद्ध संपल्यावर, असे उत्तर येते. पुढे कळते की नांगऱ्याचा एक सोबती फ्रान्सला पोहोचल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मारला गेला, तोही मार्चमधल्या ज्या रात्री हिमवादळाने हे झाड पाडले त्याच रात्री. तो गावातच राहिला असता तर दोघांनी मिळून झाड केव्हाच बाजूला केले असते.

कवितेतला सारा शोक एवढाच. मेलेल्या तरुणाचे नाव नाही, वय नाही, चेहरा नाही. तो शूर होता की भित्रा, याची वार्ताही नाही. एक झाड हलवायचे राहिले, यावरून तो नव्हता झाल्याचे आपल्याला कळते. हेच आम्हांस पूर्वी अपुरे वाटत असे. इतका मोठा विषय आणि इतका किरकोळ दाखला!

आमचे मत पालटले ते ग्रंथांनी नव्हे. २०२३ साली पाऊस फसला आणि कर्नाटक सरकारने बहुसंख्य तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. आमच्या बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागात आमचे आजोळ आहे. तिकडे त्या वर्षी जाणे झाले. मळ्याच्या बांधाला एक अर्धवट खोदलेली विहीर आहे. लहानपणी आम्ही तीत चिंचोके टाकत असू. तिची हकीकत आजी सांगे. दोन शेजाऱ्यांनी पैऱ्याने ती खणायला घेतली होती: एक दिवस याचे बैल, एक दिवस त्याचे, खोदाईही दोघांनीच. त्यांतला धाकटा, मिसरूड फुटलेला पोरगा, पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. विहीर कातळाला लागून थांबली. पुढे १९१८ साली मुंबई इलाख्यात पाऊस दगा देऊन गेला, पाठोपाठ मानमोडीची साथ आली. आजी त्या वेळी सात-आठ वर्षांची होती. वाडीतली माणसे शेजाऱ्याच्या विहिरीवर पाळी लावून पाणी शेंदत. तळ दिसू लागल्यावर घरटी एक घागर ठरली. कोणाकडे आजारी असला तर शेजारी आपली घागर त्याच्या दारात ठेवून येत. आणि पाळीला उभे असताना कोणी ना कोणी म्हणे, तो पोरगा असता तर एव्हाना त्या विहिरीला पाणी लागले असते.

हे वाक्य आम्ही आजीच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! इंग्रज नांगऱ्याचे वाक्य आणि हे वाक्य एकाच मातीचे आहे, हे ध्यानात यायला मात्र आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली. कष्टकरी माणूस गेलेल्याची आठवण गुणवर्णनाने काढत नाही. राहिलेल्या कामाने काढतो. टॉमसने हे नेमके ऐकले आहे.

साम्य फार ताणू नये, हेही खरे. आमच्या वाडीतले दोघे आपापल्या जमिनीचे धनी होते. टॉमसचा नांगऱ्या मजूर दिसतो. झाड ‘ते’ कधी नेणार, असा प्रश्न आहे. ‘तुम्ही’ कधी नेणार, असा नाही. शिवाय इंग्लंडमध्ये १९१६ च्या जानेवारीत सक्तीच्या भरतीचा कायदा झाला होता, त्यामुळे तुम्ही जाऊन आलात काय, जायची इच्छा नसेल कदाचित, या नांगऱ्याच्या चौकशीला एक बोच आहे. निवेदकाच्या उत्तरात हात, पाय आणि डोके यांचा जो हिशेब येतो तो थट्टेचा आहे, आणि त्या थट्टेखाली भीती आहे. कविता लिहिणारा त्या वेळी सैनिक होता. कवितेत मात्र गणवेशाचा उल्लेख नाही. आणखी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ही कविता लिहिली जाण्यापूर्वी काहीच आठवडे, २९ एप्रिल १९१६ रोजी, इराकातील कूत येथे सुमारे १३,००० सैन्याने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. त्यांत मराठा पलटणी होत्या, आणि त्यांतले कित्येक कैदेत मेले. टॉमसच्या शेतात दोनच जोड्या चालत होत्या. आपल्याकडच्या किती रानांत किती कमी झाल्या, याची कविता कोणी लिहिली असल्यास आमच्या वाचनात नाही.

रचनेविषयी थोडे. कविता निर्यमक आहे. वाक्य ओळीच्या टोकाला थांबत नाही. वळते आणि पुढच्या ओळीत शिरते. पद्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ लॅटिनमधील वळण्याच्या क्रियेत आहे, आणि तोच लॅटिन शब्द नांगराच्या सरीलाही लावत. आपल्या मराठीत याहून मौज आहे. नांगराने पडते ते ‘तास’, घड्याळाचा तो ‘तास’, आणि आम्हा शाळामास्तरांचाही ‘तास’च. या कवितेत काळ मोजला जातो तो तासांनीच, म्हणजे फेऱ्यांनी. मरणाची बातमी एका फेरीच्या अंतराने येते, आणि ती दहा मिनिटे वाचकाला निवेदकासोबत गप्प बसून काढावी लागतात.

एका ठिकाणी आमचे मन अजून अडते. सोबती जगता तर जग वेगळे असते, असे निवेदक म्हणतो. त्यावर नांगऱ्या म्हणतो की ते अधिक चांगले असते, तरी सगळे दिसू शकले तर सगळे चांगलेच वाटेल कदाचित. काही वाचकांस यात स्वस्त समाधान दिसते. आमच्या मते त्यातला ‘कदाचित’ महत्त्वाचा आहे, आणि हे कोण बोलतो तेही. हे उद्गार निवेदकाच्या तोंडी असते तर आम्ही त्यांना पोकळ म्हटले असते. ज्याचा जोडीदार गेला तो ते बोलतो, आणि कवी त्यावर होय वा नाही काहीच म्हणत नाही. प्रेमिक झाडीतून बाहेर येतात, घोडे चालू लागतात.

निवेदक ढेकळे कोसळताना ‘शेवटच्या वेळी’ पाहतो, म्हणून त्यात कवीला आपले मरण दिसले होते, असेही वाचले जाते. हे वाचन आम्हांस पटत नाही. पिवळा चौकोन संपत आला आहे आणि निवेदकाला उठायचे आहे, एवढे पुरेसे आहे. मरण अकरा महिने दूर होते.

यंदा आम्ही ही कविता मराठीत सांगायला घेतली तेव्हा ‘सोबती’ हा शब्द आम्हांस मिळमिळीत वाटू लागला. ‘मित्र’ तर शहरी. मागच्या बाकावरच्या, शेतकरी घरच्या एका मुलाने ‘पैरेकरी’ सुचवला. तोच आम्ही फळ्यावर लिहिला आणि वर्ग पुढे चालू ठेवला. शेवटी जे घोडे ठेचाळत चालले आहेत त्यांच्यासाठी मात्र अजून शब्द सापडलेला नाही.